बारा मिलिमीटरचा कठडा

माणसाने आयुष्यात एकदा तरी टॅप आणि डायचा सेट विकत घ्यावा. पुन्हा कधी घ्यावासा वाटत नाही, हा त्यातला मुख्य फायदा. ही वस्तू काय असते हे ज्यांना ठाऊक नाही ती माणसं सुखी आहेत. पण सुखी माणूस समोर दिसला की मला राहवत नाही, म्हणून सांगूनच टाकतो. बोल्टवर आणि नटाच्या आत जे गोल गोल चर असतात ना, त्यांना आटे म्हणतात. भोकात आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप, आणि सळईवर पाडायचं हत्यार म्हणजे डाय. एवढीशी गोष्ट मला वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हती. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, कारखान्यात फिटर म्हणून चाळीस वर्षं काढलेली. त्यांच्या मुलाला हे माहीत नसावं याची तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

प्रकरण होतं जिन्याच्या कठड्याचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. रस्त्यापासून दारापर्यंत मोजून छत्तीस पायऱ्या. त्यातल्या वरच्या वळणावर कठड्याचा एक खांब होता, आणि त्याचा पाय पायरीतल्या लोखंडी पट्टीला एका बोल्टने आवळलेला होता. त्या बोल्टचे आटे झिजून झिजून गुळगुळीत झाले. बोल्ट जागेवर दिसायचा, पण नुसता दिसण्यापुरता. आमच्या कचेरीत असे दोन अधिकारी होते, त्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही. आम्ही सगळे वळणावर आलो की भिंतीकडच्या अंगाने जायचो, म्हणजे प्रश्न मिटला.

नानांना ते कुणी सांगितलं नाही. एका संध्याकाळी वर येताना त्यांनी भार टाकला आणि कठडा बाहेर झुकला. नाना गुडघ्यांवर आपटले. लागलं फारसं नाही, थोडं खरचटलं. पण दुसऱ्या दिवसापासून ते खाली उतरेनात. कारखाना सुटल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले होते. आता त्यांचा पायांवरचाही भरवसा उडाला. हे त्यांनी तोंडाने कधी कबूल केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "खाली आहे काय?"

खाली घड्याळजी होते. आमच्या फाटकासमोर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, कपाटापेक्षा थोडं रुंद. निवृत्त झाल्यापासून नाना रोज नऊ ते बारा त्या दुकानासमोरच्या स्टुलावर बसून घड्याळजींशी भांडत. कशावरून, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घड्याळजींचे गुडघे असे की त्यांना फुटपाथ चढणंही जड जायचं, मग दुसरा मजला कुठला? झालं. एकाला उतरता येईना, एकाला चढता येईना. रोज सकाळी नऊ वाजता नाना गॅलरीत उभे राहत. घड्याळजी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता वर बघत आणि हात वर करत. नानाही हात वर करत. तीन महिने त्यांचं एवढंच चाललं होतं. मी दाढी करताना खिडकीतून ते रोज बघायचो आणि रोज ठरवायचो की काहीतरी केलं पाहिजे. मग दाढी संपायची.

दोनदा मी म्हणालो, "नाना, चला, मी हात धरतो तुमचा."

"मी काय लहान मूल आहे?" एवढं बोलून त्यांनी रेडिओचा आवाज मोठा केला. दोन्ही वेळा.

मग एका सोमवारी मी कचेरीतून आलो तर बायको दारातच उभी. "अहो, घड्याळजी दुकान बंद करतायत. मुलीकडे जाणार कायमचे. रविवारी चारच्या गाडीने."

"नानांना सांगितलंस?"

"त्यांनीच मला सांगितलं. घड्याळजींनी पाटी लिहिलीय, ती वर करून दाखवली त्यांना."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं, डोळे गेलेच होते त्याचे. आणि दुपारी जेवले नाहीत."

नाना जेवण टाकणाऱ्यांतले नव्हते. पहिल्या संपातही त्यांनी पोटभर जेवून घोषणा दिल्या होत्या. मी तिथल्या तिथे ठरवलं, रविवारच्या आत कठडा पक्का करायचा. नानांना कळू द्यायचं नाही. कठडा पक्का झाला की ते आपसूक उतरतील, न सांगता.

आता तुम्ही विचाराल, घरात चाळीस वर्षांचा फिटर असताना त्यालाच का नाही विचारलं? त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, विचारलं असतं तर कठड्यामुळे तुम्ही अडकून पडलाय हे त्यांच्या तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. दुसरं कारण जरा नाजूक आहे. मी सातवीत असताना नानांनी सुट्टीत माझ्या हातात कानस दिली होती आणि एक लोखंडी तुकडा सपाट करायला सांगितला होता. आठ दिवसांनी तो तुकडा बघून ते म्हणाले, "तू कचेरीत जा." मी गेलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर आलं.

मंगळवारी सकाळी मी इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते बनियनवर बसून दात कोरत होते. मी तोंडी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "अर्ज करा." मी पडलो रेकॉर्ड विभागातला कारकून, अर्ज म्हटल्यावर मला माहेरी आल्यासारखं होतं. तीन प्रतीत अर्ज केला, विषय, संदर्भ, सगळं जिथल्या तिथे. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. पण पडलं कोण? तुमचे वडील. मग सही त्यांची पाहिजे. बाधित व्यक्ती."

"ते पडलो असं लिहून देणार नाहीत हो."

"मग ते पडले नाहीत," सेक्रेटरी म्हणाले आणि अर्ज परत दिला.

कोपऱ्यावरच्या फिटरकडे गेलो. तो म्हणाला, कमिटीचं पत्र आणा, मागे विनापत्र एक नळ बसवला तर मलाच चोरासारखं उभं केलं होतं. म्हणजे सेक्रेटरी पत्र देणार नाही आणि पत्राशिवाय फिटर येणार नाही. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी नेमका त्या वेळी तळमजल्यावरच्या इन्स्पेक्टरसाहेबांना भेटलो.

इन्स्पेक्टरसाहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते, पण ते खात्याला माहीत होतं, त्यांना नव्हतं. भाजीवाली अजूनही त्यांना बघून काटा पुसायची. त्यांनी जिन्यात येऊन बोल्ट हातात घेतला, उजेडात धरला आणि निकाल दिला. "आटे गेलेत. भोकात नवे पाडायचे, नवा बोल्ट घालायचा. अर्ध्या तासाचं काम. टॅप-डायचा सेट घ्या आणि घरच्या घरी करा. उगाच कारागिरांचे पाय कशाला धरता?"

अर्ध्या तासाचं काम हे शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याला मी कधी भेटलो तर माझ्या हातून काहीतरी होईल.

रात्री मी बोल्ट मोजला. मुलाची शाळेची पट्टी आणि दोन पुस्तकं घेऊन, मधे बोल्ट उभा धरून, अगदी शास्त्रशुद्ध. भरला बारा आणि वर थोडं. हे थोडं म्हणजे अर्ध्याला जरा कमी. कचेरीत आमचा नियम असा की अर्ध्याखालचा अपूर्णांक सोडून द्यायचा. मी सोडला. एका कोऱ्या फायलीवर 'कठडा' असं लिहून आत नोंद केली: बोल्ट, बारा मिलिमीटर. त्या नोंदीखाली मी सहीसुद्धा केली. ती फाईल अजून माझ्याकडे आहे, मुलं हसायला काढतात.

बुधवारी कचेरीतून लवकर सुटून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. इन्स्पेक्टरसाहेब सोबत होतेच. दुकानदार काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून बसला होता. म्हणालो, "टॅप-डायचा सेट दाखवा."

"कुठला?"

"चांगला."

त्याने माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. "इंची की मिलिमीटर? जाड आट्यांचा की बारीक? साधं पोलाद की हायस्पीड? एका मापाला तीन टॅप असलेला, की एकच?"

मी म्हणालो, "घरगुती."

"घरगुती आटे असा प्रकार नसतो, साहेब. बोल्ट आणलाय?"

बोल्ट मी फायलीत ठेवला होता आणि फाईल कचेरीत. "माप आणलंय," मी म्हणालो. "बारा मिलिमीटर."

"इमारत जुनी आहे का? जुन्या लोखंडात बहुतेक इंची माप निघतं. बोल्ट आणा, बघून देतो."

हे ऐकलं मात्र, इन्स्पेक्टरसाहेब पुढे सरसावले. "इंच? इंच कायद्याने बंद होऊन किती वर्षं झाली? इंची वस्तू विकता तुम्ही? परवाना दाखवा!"

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने निमूटपणे मिलिमीटरचा सेट काढला. लाकडी पेटी, आत मखमल, आणि त्या मखमलीत सहापासून सोळापर्यंतचे टॅप आणि डाय आपापल्या खाचेत ओळीने बसलेले. खोटं कशाला सांगू, ती पेटी बघून माझं मन हरखलं. कशाला उपयोगी पडणार याचा विचारच राहिला नाही. लहानपणी नानांच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायची मनाई होती. आता माझी स्वतःची पेटी झाली होती. रस्त्याने येताना मी ती छातीशी धरली होती. इन्स्पेक्टरसाहेब कायद्याचा विजय झाल्यासारखे पुढे चालत होते.

नाना रेडिओ ऐकत होते, म्हणून पेटी पिशवीत घालून स्वयंपाकघरात नेली. आधी सराव करावा असं ठरलं. सरावाला सळई हवी. घरात सळई एकच, पडद्याची. ती काढली, मोरीच्या कठड्यात अडकवली, डाय लावली आणि फिरवायला लागलो. आणि काय सांगू, आटे पडले! तिरके होते, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला नुसते ओरखडे, पण आटे ते आटे. मी वीतभर पाडले, थांबवेनाच. सळई परत बसवली तेव्हा कळलं की पडद्याच्या कड्या आता आट्यांवरून सरकत नाहीत. पडदा अर्ध्यात अडकला तो कायमचा. बायको म्हणाली, "अहो, समोरच्यांना आपलं अर्धं घर दिसतंय." मी म्हणालो, "त्यांना सांग, काम चालू आहे."

गुरुवारी संध्याकाळी जिन्यात बसलो. खांबाचा पाय बाजूला सरकवला, भोक मोकळं केलं आणि बाराचा पहिला टॅप त्यात उभा धरून दांडा फिरवायला घेतला. पहिले दोन वेढे तर लोण्यासारखे गेले. मला वाटलं, एवढंच? आणि यासाठी लोक चाळीस चाळीस वर्षं कारखान्यात घालवतात? तिसऱ्या वेढ्याला कुठून तरी किंचाळल्यासारखा आवाज आला. चौथ्याला दांडा थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना.

एव्हाना जिन्यात सभा भरली होती. इन्स्पेक्टरसाहेब खालच्या पायरीवर होते. वरून शेजारचे पैलवान उतरले. हे खरं म्हणजे विम्याचे एजंट, पण रोज सकाळी गच्चीवर मुद्गल फिरवायचे आणि त्यांची ताकद दिवसभर वाया जायची. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जोर कमी पडतोय तुमचा. दांड्याला पाइप लावा. हात लांब झाला की काम हलकं."

"नको," मी म्हणालो. म्हणजे म्हणणार होतो. तोवर ते पाइप घेऊन आले, माझ्या हातून दांडा घेतला, पाय रोवले, श्वास घेतला आणि आवळला. टाळी वाजावी तसा आवाज झाला. पैलवान पाइपसकट भिंतीवर गेले. टॅपचा वरचा भाग त्यांच्या हातात आला आणि उरलेला भोकात आत राहिला.

इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "हलक्या पोलादाचा असणार." पैलवान म्हणाले, "मला वाटलंच होतं." आणि दोघेही आपापल्या घरी गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आधी निदान भोक तरी होतं. आता भोकही बुजलं. मी वर गेलो. नाना खुर्चीत बसले होते आणि रेडिओ बंद होता. त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. जेवताना ते फक्त बायकोला म्हणाले, "पडद्याचं काय झालं?"

"धुवायचाय," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दाराला नोटीस. 'सामायिक कठड्याच्या भोकात अनधिकृत परकी वस्तू आढळली असून ती का अडकवली याचा लेखी खुलासा चोवीस तासांत तीन प्रतीत करावा.' कचेरीत पंधरा वर्षं मी लोकांचे खुलासे फायलीला लावत आलो होतो. स्वतःचा पहिल्यांदा लिहायला बसलो आणि 'वरील विषयास अनुसरून' च्या पुढे हात हलेना. त्या दिवशी नऊ वाजता घड्याळजींनी वर बघितलं तेव्हा दुकानातली अर्धी घड्याळं भिंतीवरून उतरली होती. नानांनी हात वर केला. मग खाली घेतला नाही बराच वेळ. मी साबण तोंडाला लावून तसाच उभा राहिलो.

बायको म्हणाली, "आता तरी नानांना विचारा."

"काही झालं तरी नाही."

"मग बसा दोघं बाप-लेक आपापला मान कुरवाळत. घड्याळजी जातील निघून."

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. दुपारी दोनला मी खिळा आणि हातोडी घेऊन वळणाच्या पायरीवर बसलो आणि त्या तुकड्यावर ठोकत राहिलो. ठोकण्यामागे काही योजना होती असं नाही. राग होता. खिळे वाकत होते, तुकडा जागचा हलत नव्हता. तेवढ्यात वरून आवाज आला.

"सुक्या लोखंडात टॅप घातलास ना?"

नाना दारात उभे होते. मी म्हणालो, "म्हणजे?"

"तेल कुठंय? परवा ऐकलं मी सगळं. किंचाळत होतं ते. मला बसवेना आत."

आणि मग ते निघाले. भिंतीला हात लावून पहिल्या पायरीवर बसले. तिथून दुसरीवर सरकले. मग तिसरीवर. लहान मुलं उतरतात तसे, बसत बसत, धोतर सावरत. वळणापर्यंत नऊ पायऱ्या होत्या. मी मान वर केली नाही, हातातल्या वाकड्या खिळ्याकडेच बघत बसलो. मी बघतोय असं दिसलं असतं तर ते तिथूनच परत गेले असते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लोखंडाच्या चुऱ्यामुळे असं मी नंतर बायकोला सांगितलं.

ते माझ्या शेजारी टेकले आणि भोकात वाकून बघायला लागले. "बोल्ट केवढा होता?"

"बारा मिलिमीटर."

"बाराचा? चार सूत असणार. अर्धा इंच. झिजलेला मोजलास तू. ही इमारत बांधली तेव्हा मिलिमीटर इकडे फिरकलंही नव्हतं. इंची आट्यांवर दुसरे आटे चढवलेस, मग अडकणार नाही तर काय?"

इन्स्पेक्टरसाहेब वास लागल्यासारखे खाली हजर झालेच होते. "पण इंच कायद्याने..."

"साहेब," नाना म्हणाले, "लोखंडाला कुणी कळवलं नाही ते."

मग त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. शिवणयंत्राचं तेल आण. माझ्या पेटीतला पोगर आण, तो ठोकायचा पोलादी दांडका, बोथट तोंडाचा. हो, ती पेटी उघड, बघतोस काय. मी धावलो. पंचवीस वर्षांनी त्या पेटीला हात लावला तर आत सगळं जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेलं, तेल लावलेलं, जणू उद्या पाळीवर जायचंय.

तुटक्या तुकड्याच्या खाचेत त्यांनी पोगर तिरका टेकवला. त्यांचा हात थरथरत होता. "मी धरतो. तू मार. हलके. उलट्या बाजूला."

"नाना, हातावर बसेल."

"बसला तर बसला. मार."

मी हातोडी उचलली. समोर नानांचा अंगठा, चाळीस वर्षांचा, एकही नख धड नसलेला. आणि माझा विश्वास माझ्यावर शून्य. पण पोगर घट्ट धरल्याबरोबर त्यांचा हात थांबला. एकदम स्थिर. मी चकित होऊन बघतच राहिलो.

"धरला की थरथरत नाही," ते म्हणाले. "मोकळा राहिला की थरथरतो. मार आता."

मी मारलं. पोगरावरच बसलं. पुन्हा मारलं. थोडं तेल, थोडं ठोकणं, थोडं पुढे, थोडं मागे, असं अर्धा तास चाललं. पैलवान मधे मदतीला आले तर नानांनी त्यांना पाइप घेऊन गच्चीवर पाठवलं. शेवटी तुकडा हलला आणि एका दातासारखा सुटून माझ्या तळहातावर आला. मी पन्नाशीला आलोय तरी सांगतो, बढतीच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

ठोकून ठोकून भोक आता मोठं झालं होतं. नानांनी आत करंगळी फिरवली आणि म्हणाले, "तुझ्या त्या पेटीत चौदाचा आहे?"

"आहे की!"

"आण. भोक त्याला आयतंच झालंय. चुकून का होईना."

चौदाचा टॅप मी धरला. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. अर्धा वेढा पुढे, पाव मागे, तेलाचा थेंब. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. "कट असा आवाज आला की समज, चुरा तुटला. ऐकू आलं? मग पुढे जायचं. घाई केलीस की तो मोडतो." हळूहळू माझ्या हातांना कळायला लागलं की लोखंड कधी देतंय आणि कधी अडतंय. त्यांनी त्यांचे हात कधी काढून घेतले ते मला समजलंच नाही. दुकान बंद व्हायच्या आत धावत जाऊन चौदाचा बोल्ट आणला, तोवर त्यांनी खांबाच्या पायाचं भोक गोल कानशीने मोठं करून ठेवलं होतं. बोल्ट आवळला. कठडा भिंतीसारखा उभा राहिला. पैलवानांनी लोंबकळून बघितलं, हलला नाही.

"मला वाटलं होतं एकदा तरी अंगठ्यावर मारशील," नाना म्हणाले.

"मलाही."

ते हसले. मग बसत बसतच वर गेले. "उद्या उतरेन. कठडा धरून, नीट," एवढंच म्हणाले.

रविवारी नानांनी सकाळपासून तयारी केली. दाढी, धुतलेलं धोतर, टोपी. साडेनऊला आम्ही दाराबाहेर पडलो आणि जागच्या जागी थांबलो. पूर्ण कठडा, वरपासून खालपर्यंत, हिरवागार चकचकीत. मधे पाटी: 'रंग ओला आहे. हात लावू नये. हुकमावरून.' खालच्या वळणावर सेक्रेटरी रंगाऱ्याशी बोलत उभे होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "कमिटीने कठडा दुरुस्त करून घेतला असा ठराव काल रात्री झाला. मग म्हटलं, रंगही होऊन जाऊ दे."

आठवडाभरात जे तोंडाशी आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. पण शेजारी वडील उभे होते, म्हणून गिळलं. चारची गाडी. रंग संध्याकाळपर्यंत वाळणार नाही. आणि धुतलेलं धोतर नेसून बसत बसत छत्तीस पायऱ्या उतरायच्या, त्याही सेक्रेटरींच्या देखत? ते काही नानांच्याने झालं नसतं. मी हात पुढे करणार होतो, पण 'मी काय लहान मूल आहे?' हे आठवलं आणि हात जागीच राहिला. मी नुसता एक पायरी खाली उतरून उभा राहिलो, पाठमोरा.

मग माझ्या खांद्यावर वजन आलं.

"चल," नाना म्हणाले. "रंग लागेल धोतराला."

आम्ही उतरलो. त्यांचा हात थरथरत नव्हता. घट्ट धरला होता ना. प्रत्येक वळणावर ते थांबायचे, मीही थांबायचो, सेक्रेटरी भिंतीला चिकटून उभे राहिले.

घड्याळजींच्या दुकानात आता एकच घड्याळ भिंतीवर होतं. नानांना समोर बघून त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"काय रे फिटर, आज उजाडलं तुझं?"

"कठडा हलत होता," नाना म्हणाले. घरात कुणालाही त्यांनी हे कबूल केलं नव्हतं.

"मग कुणी केला पक्का?"

नानांनी नुसता अंगठा माझ्याकडे केला आणि स्टुलावर बसले. पाच मिनिटांत त्यांचं भांडण सुरू झालं. जेवणाचा डबा बायकोने खालीच पाठवला. तो त्यांनी वाटून खाल्ला आणि डब्यावरूनही भांडले. साडेतीनला रिक्षा आली. घड्याळजी बसले. दोघांनीही हात वर केला नाही. इतक्या जवळून कोण हात वर करतं? रिक्षा वळली तेव्हा नाना म्हणाले, "पत्र टाक म्हणावं त्याला." मी म्हणालो, "मला कशाला, तुम्हीच सांगायचं होतं." ते म्हणाले, "सांगितलंय."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. नाना गेले, ती इमारतही आता नाही. माझ्या पेटीतला बाराच्या टॅपचा एक खण अजून रिकामा आहे.

पण त्या दिवशी आम्ही पाच वाजता घरी परत निघालो. जिन्याशी मी कठड्याला बोट लावून बघितलं. रंग खडखडीत वाळला होता. "नाना, वाळलाय," मी म्हणालो.

"हो का?" ते म्हणाले आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. छत्तीसच्या छत्तीस पायऱ्या तो तिथेच होता.